ज्येष्ठ शेजाऱ्यांसाठी शाळेतून अडीअडचणीचा शिधा: आधी खाणाऱ्याचं घर बघा, मग यादी करा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: शाळेच्या आसपास बरेच ज्येष्ठ एकटे किंवा दोघंच राहतात. पूर आला, वादळ झालं, दोन-तीन दिवस वीज गेली, रस्ते बंद झाले, तरी त्यांच्या घरात खायला काही असावं म्हणून पालकांनी मिळून टिकाऊ अन्न जमवायचं आणि ते आधीच घरोघरी पोचवायचं ठरवलं आहे. काय मागवावं, किती मागवावं, कसं वाटावं आणि मुलांना त्यात कितपत घ्यावं?

वृद्धांचा आहार आणि घरपोच जेवणाच्या सेवा हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम. त्यामुळे आधी एकच आग्रह धरते: पालकांना वस्तूंची यादी पाठवण्यापूर्वी त्या घरांत जाऊन या. पिशवीत काय असावं हे देणाऱ्याच्या फडताळात काय उरलंय त्यावरून ठरू नये. खाणाऱ्याचे हात, दात आणि औषधं यांवरून ते ठरावं. हे एवढं पाळलंत तर पुढचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत.

शाळकरी मुलांनी वृद्धांच्या जेवणाची काळजी घेणं ही काही नवी गोष्ट नाही. घरपोच जेवणाची पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये महिला स्वयंसेविकांनी रुजवली. अमेरिकेत ती 1954 साली फिलाडेल्फियात सुरू झाली, तेव्हा जेवण भरण्याचं आणि घरोघरी नेण्याचं काम करणाऱ्यांमध्ये हायस्कूलचे विद्यार्थीच मोठ्या संख्येनं होते. त्यांना 'प्लॅटर एंजल्स' म्हणत. आज तिथल्या अशा अनेक सेवा हिवाळ्याआधी 'ब्लिझर्ड बॉक्स' वाटतात. बर्फामुळे गाडी निघू शकली नाही, तर त्या दिवसाचं जेवण घरात आधीच असावं हा त्यामागचा साधा विचार. तुम्ही करणार आहात ते याच जातीचं काम आहे. नेहमीचं जेवण अडल्यापासून मदत पोचेपर्यंतचं मधलं खिंडार बुजवायचं आहे, महिन्याचा किराणा पुरवायचा नाही.

हे खिंडार का बुजवायचं, ते पालकसभेत कुणी विचारलं तर दोन वर्षांची नावं घ्या. जुलै 1995 मधल्या उष्णतेच्या लाटेत शिकागोत सातशेहून अधिक लोक गेले आणि 2003 च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये सुमारे 15,000. दोन्ही ठिकाणी मृतांत वृद्ध फार मोठ्या प्रमाणात होते आणि एकटं राहणाऱ्यांना, ज्यांच्याकडे कुणाचं येणंजाणं नव्हतं अशांना, धोका सर्वाधिक होता. ते लोक भुकेनं गेले असं मी म्हणत नाही, उष्णतेनं गेले. पण दार वाजवणारं कुणी असतं तर त्यातले कितीतरी वाचले असते. म्हणून पिशवी नेणारा माणूस हा माझ्या लेखी पिशवीइतकाच महत्त्वाचा आहे. कुरिअरनं किंवा वॉचमनच्या हाती पिशव्या पाठवायचा विचार असेल तर तो आताच सोडून द्या.

आता घरभेटीविषयी. दोन मोठ्या माणसांनी जायचं, आधी फोन करून किंवा ओळखीच्या कुणाला सोबत घेऊन. कागद-पेन काढून चौकशी सुरू केलीत की सरकारी पाहणीला आल्यासारखं वाटतं आणि समोरचे आजोबा "आमचं सगळं ठीक आहे" म्हणून मोकळे होतात. गप्पा मारा. मागच्या वेळी वीज गेली तेव्हा काय केलंत, हे विचारा. या एका प्रश्नातून निम्मी माहिती मिळते: शेगडी विजेची आहे का, पाणी वर चढतं का, जिना उतरता येतो का, अडचणीला कोण धावून आलं, की कुणीच आलं नाही. मग हळूच पुढचं: दात कसे आहेत, कवळी आहे का, मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, गिळताना ठसका लागतो का, काही वर्ज्य आहे का, मांसाहार चालतो का. औषधांची नावं लिहून घेऊ नका, ते तुमचं काम नाही. "डॉक्टरांनी काय खाऊ नका असं सांगितलंय?" एवढं पुरतं.

आणि एक गोष्ट डोळ्यांनी बघून घ्या: हात. संधिवातानं बोटांची पेरं सुजलेल्या एका आजींना मी कडी ओढून उघडायचा डबा उघडताना बघितलं आहे. नखं बारीक कापलेली, बोट कडीखाली जाईना. त्यांनी डबा मांडीत दाबून धरला, चमच्याचा दांडा कडीत सारला, दांडा निसटला, पुन्हा सारला. कडी उभी राहिली, पण मागे ओढायला लागतो तेवढा जोर मनगटात नव्हता. मग त्यांनी डबा पदरानं पुसून ओट्यावर ठेवला आणि "सून आली की उघडेल" म्हणाल्या. सून दुसऱ्या गावात राहते. ज्या वस्तूंच्या वेष्टनावर ठळक अक्षरांत 'सहज उघडा' लिहिलेलं असतं त्यांचीसुद्धा ही गत. म्हणून यादी पक्की करण्याआधी प्रत्येक वस्तू एकदा उघडून बघा, जाड हातमोजे घालून. आठवी-नववीच्या मुलांना हे काम द्या. हातमोज्यांतून जे उघडत नाही ते यादीतून बाद. मुलं ते फार मनापासून करतात आणि म्हातारपण म्हणजे काय हे त्यांना कुठल्याही भाषणापेक्षा लवकर कळतं. ज्या पाकिटांना पर्याय नाही त्यांच्यासाठी पिशवीत बोथट टोकाची छोटी कात्री ठेवा. पाकीट सोपं जावं म्हणून आधीच चीर देऊन ठेवू नका, हवा लागून माल खराब होतो.

दिवस किती धरायचे? अमेरिकन रेड क्रॉसची शिफारस अशी आहे की घर सोडावं लागलं तर 3 दिवसांचं आणि घरातच अडकलो तर 2 आठवड्यांचं अन्न-पाणी हाताशी असावं. शाळेला झेपणारं आणि वृद्धांच्या कपाटात मावणारं माप म्हणजे 3 दिवस. त्याहून मोठा घाट घातला की घरं कमी होतात, वजन वाढतं आणि पिशवी माळ्यावर जाते. माळ्यावर गेलेली पिशवी अडचणीच्या वेळी खाली येत नाही. त्या तीन दिवसांच्या तीन वेगळ्या पुड्या करा आणि त्यांवर मोठ्ठा 1, 2, 3 लिहा. अंधारात, घाबरलेल्या मनःस्थितीत कुणाला हिशोब करायला लावू नये. शिवाय एकट्या माणसाचा स्वभाव पुरवून पुरवून खाण्याचा असतो. "उद्या लागेल" म्हणत पहिल्या दिवशी दोन बिस्किटांवर भागवणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. पुडीवर आकडा असला की आजचं आज खाल्लं जातं.

पिशवीतली प्रत्येक गोष्ट न शिजवता, न तापवता खाता आली पाहिजे. याला अपवाद करू नका. शेगडी पेटेल, गॅस असेल, शेजारी पाणी उकळून देईल, यातलं काहीही गृहीत धरायचं नाही. स्पिरिटच्या वड्या, छोटे स्टोव्ह, मेणबत्त्या चुकूनही घालू नका. बंद खोलीत काही पेटवलं की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि मेणबत्तीनं आग लागायची भीती वेगळीच. उजेडासाठी छोटा टॉर्च द्या, बॅटऱ्या घालून, सुरू करून दाखवून.

आता मुख्य पोषणाचं बोलू, कारण इथेच बहुतेक शाळांच्या पिशव्या कमी पडतात. लोक बिस्किटं, चिप्स, सरबतं, झटपट नूडल्स आणतात. पोट भरतं, पण वृद्धांच्या शरीराला आजारपणात आणि ताणात सगळ्यात जास्त लागतात ती प्रथिनं. ज्येष्ठांच्या आहारावरच्या तज्ज्ञगटानं 2013 साली निरोगी वृद्धांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज 1.0 ते 1.2 ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. म्हणजे 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला 60 ते 72 ग्रॅम. न शिजवता हा आकडा गाठणं सोपं नाही, म्हणून हिशोब मांडूनच दाखवते. 40 ग्रॅम ओट्समधून साधारण 5 ग्रॅम मिळतात. साईसकट दुधाच्या 50 ग्रॅम पावडरीतून 13. शिजवलेल्या कडधान्याचे 200 ग्रॅमचे दोन छोटे डबे पाणी निथळून खाल्ले तर 16 च्या आसपास. दोन मोठे चमचे पीनट बटरमधून 7. इथवर बेरीज 41 झाली. मासे चालत असतील तर 100 ग्रॅमच्या एका डब्यातून वीसेक ग्रॅम येतात आणि गाडी साठीवर पोचते. शाकाहारी घर असेल तर कडधान्याचा आणखी एक डबा आणि पावडरीची आणखी 50 ग्रॅमची पुडी घातली की तेवढंच होतं. दूध सोसत नसेल तर सोया दुधाचे छोटे खोके घ्या. यात थोडा खजूर, मऊ बिस्किटं आणि स्वतःच्याच रसात ठेवलेल्या फळांचा एक डबा धरला की दिवसाच्या 1,500 कॅलरींच्या आसपास जाता येतं आणि एका दिवसाची पुडी सव्वा किलोच्या आसपास होते. तीन दिवसांचे मिळून साडेतीन-चार किलो. हे वजन दोन कानांच्या कापडी पिशवीत सत्तरीच्या माणसाला टेबलापासून कपाटापर्यंत नेता येतं. पुठ्ठ्याचं मोठं खोकं दिसायला छान असतं, पण उचलवत नाही.

ओट्स सपाट केलेले घ्या. ते वाफवलेलेच असतात, दुधात किंवा पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवले की मऊ होतात. अख्खे दाणे घेऊ नका. अख्खे शेंगदाणे, बदाम, कडक बार हे कवळीला आणि घशाला दोन्हीला वाईट.

डबे छोटे का, तेही पालकांना समजावून सांगा, कारण मोठा डबा स्वस्त पडतो आणि दानशूर माणूस साहजिकच तोच घेतो. उघडलेला डबा, कालवलेलं दूध, भिजवलेले ओट्स हे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा 32 अंशांच्या वर असेल तर एक तासच. वीज नसेल तर फ्रिज दार न उघडता साधारण 4 तास थंडावा धरतो. त्यानंतर त्या उरलेल्या अर्ध्या डब्याचं काय होणार? वृद्ध माणूस अन्न टाकत नाही. टंचाईचे दिवस काढलेली पिढी असेल तर मुळीच नाही. तो अर्धा डबा रात्री खाल्ला जाणार आणि वय झालेल्या शरीराला अन्नातली बाधा तरुणांपेक्षा फार जड जाते. म्हणून एका जेवणात संपेल तेवढंच एका वेष्टनात. दुधाच्या पावडरीच्याही कारखान्यातच भरलेल्या छोट्या पुड्या घ्या. घरी मोठं पाकीट फोडून पुड्या बांधू नका.

मिठाकडे विशेष लक्ष हवं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे 2,000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम. झटपट नूडल्सच्या एकाच पाकिटात अनेकदा त्याच्या निम्म्याहून जास्त सोडियम असतं, डबाबंद सूपही तसंच. हृदय कमकुवत असलेल्या माणसाला दोन-तीन दिवस असं खारट खाल्ल्यावर अंगात पाणी साठून धाप लागू शकते, तेही दवाखान्यात जायचा रस्ता बंद असताना. 'मीठ न घातलेलं' किंवा 'कमी सोडियम' असं लिहिलेले डबे निवडा आणि कडधान्याचं पाणी निथळून, जमल्यास विसळून खायचा सल्ला चिठ्ठीत लिहा. पण इथे एक फार महत्त्वाची सावधगिरी: मिठाच्या बदली मिळणारं कमी सोडियमचं मीठ पिशवीत घालू नका. त्यात बहुधा पोटॅशियम असतं. मूत्रपिंड नीट काम करत नसेल किंवा रक्तदाबाची काही औषधं चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. चांगल्या हेतूनं आणलेली ही वस्तू मला दान आलेल्या ढिगात हमखास सापडते आणि मी ती दर वेळी बाजूला काढते.

मधुमेहाबद्दल गैरसमज उलट्या बाजूचा आहे. "साखरेचं काही नको" म्हणून सगळं गोड काढून टाकलं जातं. पण इन्शुलिन आणि काही गोळ्या घेतल्यावर जेवण चुकलं तर साखर एकदम खाली येते. हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस गोंधळतो. एकटा माणूस अशा वेळी बेशुद्धही पडू शकतो. आणीबाणीत जेवणाची वेळ चुकणार हे तर उघडच आहे. म्हणून मधुमेही घराच्या पिशवीत फळांच्या साखरयुक्त रसाचे छोटे खोके हवेतच. सुमारे 120 मिलिलिटर रसातून 15 ग्रॅमच्या आसपास साखर मिळते आणि साखर उतरली तर तेवढीच लगेच घ्यायची असते. त्यावर रंगीत काठाची पांढरी चिठ्ठी चिकटवा: 'साखर उतरल्यासारखी वाटली तरच'. बाकी फळांचे डबे पाकातले नकोत, रसातले चालतील.

ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांच्यासाठी शाळेनं स्वतःच्या डोक्यानं पिशवी बनवू नये. अशा रुग्णांच्या खाण्यापिण्याच्या दाटपणासाठी आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, 0 ते 7 अशा आठ पातळ्यांची, आणि कुणाला कोणती पातळी हे त्यांचे उपचार करणारेच सांगू शकतात. घरच्यांना किंवा काळजीवाहकाला विचारा, ते सांगतील तेच द्या. पाण्यासारखं पातळही त्यांच्या घशात चुकीच्या वाटेनं जाऊ शकतं.

पाणी वेगळं पोचवा. माणशी रोज एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या आसपास, हा नेहमीचा हिशोब आहे. पिण्याचं आणि थोडं स्वच्छतेचं धरून. तीन दिवसांचे 11 लिटर, म्हणजेच 11 किलो. ते अन्नाच्या पिशवीत घालणं शक्यच नाही. छोट्या बाटल्या घ्या, पाच लिटरचा कॅन वाकवताना हात लटपटतो. झाकण उघडतं का, हीच परीक्षा इथेही. आणि ते पाणी प्यायलं जाईल असं गृहीत धरू नका. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते. शिवाय अंधारात स्वच्छतागृहापर्यंत जायला नको म्हणून कित्येक जण मुद्दाम कमी पितात. हे कुणी बोलून दाखवत नाही. चिठ्ठीत फक्त 'भरपूर पाणी प्या' लिहिण्यापेक्षा दिवसाच्या पुडीवरच लिहा: 'सकाळी एक बाटली, दुपारी एक, संध्याकाळी अंधार पडण्याआधी एक.' डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर त्यांचं माप त्यावर लिहा.

पालकांकडे मागणी कशी करायची, यावर सगळा कार्यक्रम तरतो किंवा फसतो. "जमेल ते टिकाऊ अन्न आणा" असं पत्र काढलंत की घरात पडून असलेलं बाहेर येतं: मुदत संपत आलेलं सूप, कुणी भेट दिलेला आणि कुणालाच न आवडलेला जॅम. लोक वाईट नसतात, पत्र मोघम असतं. प्रत्येक वर्गाला एकच वस्तू द्या, नाव, वजन आणि वेष्टन लिहून. पाचवीला कडधान्याचे 200 ग्रॅमचे कडीचे डबे, मीठ न घातलेले. सहावीला दुधाच्या पावडरीच्या छोट्या पुड्या. वाटपाच्या दिवसापासून किमान आठ-नऊ महिने मुदत शिल्लक हवी, हे ठळक लिहा. अशानं एकाच वस्तूचा डोंगर होत नाही आणि दुकानात उभ्या असलेल्या पालकाला विचार करत बसावं लागत नाही.

वर्गावर्गांत 'कोण जास्त आणतं' अशी स्पर्धा कृपा करून लावू नका. नग मोजले की नग वाढतात, म्हणजे सगळ्यात स्वस्त आणि हलकं ते येतं. शिवाय प्रत्येक वर्गात काही घरं अशी असतात ज्यांना स्वतःच्याच महिनाअखेरची चिंता असते. त्या मुलाला रिकाम्या हातानं सगळ्यांसमोर उभं करायचं नाही. फाटकाजवळ झाकणाचं खोकं ठेवा, कोण काय टाकतं हे दिसू नये. आणि वस्तूंऐवजी वेळ देणाऱ्या पालकांची नावं त्याच यादीत, त्याच मानानं लिहा. पिशव्या भरायला, तारखा तपासायला, जिने चढायला माणसं लागतातच. एखाद्या कुटुंबाला पैसे देणं सोयीचं असेल तर तेही घ्या, कमी पडलेल्या वस्तू त्यातून एकत्र आणता येतात.

आलेला माल तपासायला एक दुपार आणि चार डोळस माणसं ठेवा. फुगलेला डबा, गळणारा, गंजलेला, शिवणीवर किंवा कडेला खोल पोचलेला डबा थेट बाद. चव घेऊन बघायचा नाही, वास घ्यायलाही उघडायचा नाही. फुगवटा बोट्युलिझम या अन्नविषबाधेच्या जंतूंचा असू शकतो आणि त्यांचं विष फार थोड्या प्रमाणातही जीवघेणं असतं. घरी बनवून बाटलीत भरलेलं काहीही पिशवीसाठी स्वीकारू नका, ते कितीही निगुतीनं केलेलं असो. देणाऱ्या आजींना किंवा काकूंना वाईट वाटेल, तर ते पदार्थ माल तपासणाऱ्यांच्या चहाबरोबर खा आणि त्यांचं तोंडभर कौतुक करा. तारखांतही दोन प्रकार असतात. 'या तारखेपूर्वी उत्तम' ही चवीची आणि दर्जाची मर्यादा, तर 'या तारखेपर्यंतच वापरा' ही सुरक्षिततेची. दुसऱ्या प्रकारची वस्तू तुमच्या पिशवीत मुळात नकोच, ती बहुधा नाशवंतच असते. वेष्टनावरची मुंगीच्या अक्षरातली तारीख जाड मार्करनं मोठी करून पुन्हा लिहा. पिशवीतला सगळा मजकूर किमान 18 पॉइंटच्या अक्षरांत, पांढऱ्या कागदावर काळ्या शाईनं. रंगीत कागदावरची रंगीत अक्षरं मोतीबिंदूच्या डोळ्यांना दिसत नाहीत.

मुलांची पत्रं जरूर घाला. मी अशी घरं पाहिली आहेत जिथे अन्न संपून गेलं आणि पत्र पुढे वर्षभर देवघराजवळ किंवा आरशाच्या कडेला खोचलेलं होतं. पण मुलांना काय लिहायचं ते थोडं सांगा. 'तुम्ही एकटे आहात म्हणून वाईट वाटतं' असं नको. 'तुमची मुलं कुठे असतात?' असं तर अजिबात नको, काही घरांत त्या प्रश्नाचं उत्तर फार दुखरं असतं. स्वतःबद्दल लिहा: आज वर्गात काय झालं, कुठला खेळ आवडतो, कुत्र्याचं नाव काय. खाली फक्त पहिलं नाव आणि इयत्ता. आडनाव, पत्ता, फोन काही नाही. आणि अक्षर मोठं.

घरी जाताना मुलांना न्यायचं असेल तर पालकांची लेखी संमती, प्रत्येक गटात दोन मोठी माणसं, आणि उंबरठ्यावरच थांबायचं, आत बोलावलं तरच आणि मोठ्यांसोबतच जायचं. फोटो काढू नका. हे मला फार कळकळीनं सांगायचं आहे. पिशवी घेताना हात पुढे केलेला आपला फोटो गटागटांत फिरतोय हे कुठल्याही आजोबांना सहन होत नाही, फक्त ते बोलत नाहीत आणि पुढच्या वेळी दार उघडत नाहीत. शिवाय कुठल्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे ही माहिती चोरांच्या आणि फसवणाऱ्यांच्या फार उपयोगाची असते. म्हणून नावांची यादी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकायची नाही. ती कागदावर, दोघा-तिघांकडे, शाळेच्या कपाटात कुलपात. पिशवीवर शाळेचं नाव असू दे, पण 'ज्येष्ठांसाठी' असलं काही बाहेरून दिसू नये.

काही जण नको म्हणतील. "माझ्यापेक्षा गरजू बघा" हे वाक्य तुम्हाला निश्चित ऐकायला मिळेल. हट्ट करू नका आणि दयेचा सूर तर मुळीच लावू नका. माझा अनुभव असा की मदत घ्यायला कचरणारी माणसं मदत करायला आनंदानं तयार होतात. त्यांना सांगा की आमची यादी बरोबर आहे का ते तुम्ही बघून द्या, हा डबा उघडतो का, हे ओट्स भिजवून कसे लागतात. निवृत्त शिक्षिका असतील तर चिठ्ठीचा मजकूर तपासायला द्या. असं एकदा बोलणं झालं की पिशवी ठेवून घेणं त्यांना जड जात नाही. तरीही नको म्हणाले तर फोन नंबर देऊन या आणि वादळाच्या आधी एकदा विचारपूस करा.

पिशवी दिली की काम संपलं असं समजणाऱ्या शाळा दुसऱ्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात करतात. वर्षातून दोनदा फेरी ठेवा. मुदत जवळ आलेलं काढून "हे आता खाऊन टाका" म्हणून त्यांच्याच हाती द्या आणि त्या जागी नवं ठेवा. याच फेरीत तब्येतीतले बदलही कळतात: नवी कवळी बसली, मूत्रपिंडाचा आजार निघाला, आजोबा गेले आणि आजी आता एकट्याच आहेत. पिशवी त्याप्रमाणे बदला. एखाद्या घरी पिशवी उघडून संपलेली दिसली आणि मधल्या काळात कुठलीच आपत्ती आली नसेल, तर रागावू नका, आणि नुसती नवी पिशवी ठेवून परतूही नका. त्या घरात रोजच्या जेवणाची ओढाताण आहे. त्यांची परवानगी घेऊन घरपोच जेवण देणाऱ्या किंवा ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या जवळच्या संस्थेशी त्यांची गाठ घालून द्या.

शेवटचा मुद्दा शाळेच्या सुट्टीचा. उष्णतेच्या लाटा आणि वादळं शाळेचं वेळापत्रक बघून येत नाहीत, आणि ऐन सुट्टीत मुख्याध्यापकांपासून वर्गप्रतिनिधीपर्यंत सगळे बाहेरगावी असतात. सुट्टी लागण्याआधी दर पाच-सहा घरांमागे गावातच राहणारं एक कुटुंब ठरवा आणि त्या कुटुंबाचा नंबर पिशवीतल्या चिठ्ठीवर मोठ्या आकड्यांत लिहा. हवामानाचा इशारा आला की त्या कुटुंबानं आपल्या घरांना फोन करायचा आणि पहिलीच पुडी उघडायला सांगायची. फोन उचलला नाही तर त्याच दिवशी जाऊन दार वाजवायचं.